गप्पी माशाचा हिशेब



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या चाळींत. असे असून सृष्टिशास्त्रावर बोलायला उभे राहिलो, हे धाडस आपण पोटात घालावे. विषयही डबक्याएवढाच आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते विहिरीत आणि टाक्यांत जो गप्पी मासा सोडते, त्याची ही कथा. त्याचे एक मूळ घर त्रिनिदाद बेटावर आहे.

त्या बेटाच्या उत्तरेकडील डोंगरांतून ओढे उतरतात. वाटेत धबधबे आहेत आणि मोठ्या शिकारी माशांना ते चढता येत नाहीत. म्हणून खालच्या डोहांत वाढलेल्या गप्पीच्या जिवाला घोर. वरच्या पाण्यात रिव्हुलस नावाचा लहान मासा असतो. तो गिळतो ती बहुधा पिल्लेच.

गप्पी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देतो. खालचा गप्पी अंगाने लहान असतानाच वयात येतो. त्याची मादी पुष्कळ पण बारीक पिल्ले, वरचेवर देते. वरचा उशिरा वयात येतो. पिल्ले थोडी पण मोठी. असे का? खाल्लेले अन्न म्हणजे पगार समजा. एकच रुपया दोनदा खर्च होत नाही. तो अंग वाढवण्यात घाला, नाहीतर पिल्लांत. खाली जो वाढत बसला तो संतती होण्याआधीच दुसऱ्याच्या पोटात गेला. वर वाट पाहणे परवडते. शिवाय दाटी अधिक, अन्न तुटपुंजे, तेव्हा मोठे पिल्लूच टिकते.

हे नुसते अनुमान नव्हे. १९७६ साली जॉन एंडलर यांनी आरिपो नदीतले खालचे २०० गप्पी उचलून, जेथे गप्पी नव्हता आणि रिव्हुलस तेवढा होता, अशा वरच्या ओढ्यात सोडले. अकरा वर्षांत, म्हणजे तीस ते साठ पिढ्यांत, त्यांची संतती वरच्या गप्पीसारखी उशिरा वयात येऊ लागली. प्रयोगशाळेत सारख्याच अन्नावर वाढवूनही फरक टिकला. तो रक्तात उतरला होता. डेव्हिड रेझनिक आणि एंडलर यांनी सहकाऱ्यासह हे १९९० साली प्रसिद्ध केले. मात्र सृष्टी कोणाच्याही सिद्धांताची बांधील नाही. धोक्यातला मासा लवकर म्हातारा होईल ही अपेक्षा होती. २००४ साली उलटेच दिसले. प्रयोगशाळेत खालचेच गप्पी अधिक जगले.

आता आमची चूक सांगतो. "तुमच्या लोकांना उद्याची फिकीर नाही, पोरे मात्र ढीगभर, जातच तशी," असे एका मालकाने आम्हांला ऐकवले होते. त्याला उत्तर म्हणून गेट मीटिंगमध्ये आम्ही हा गप्पी पुढे केला. म्हटले, धोका काढा, मासासुद्धा बदलतो! टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मलेरिया खात्यातला एक वृद्ध कामगार आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, माशाने काही ठरवलं नाही. वरच्या पाण्यात ज्यांचा हिशेब जमला नाही, त्यांचा वंश मागे पडला. आपल्या माणसांनी साठ पिढ्या थांबायचं का?"

आम्ही निरुत्तर झालो. मालकाने माणसाला मासा ठरवले होते. आम्हीही तेच केले होते, फक्त आमच्या सोयीने. त्या दिवसापासून ते भाषण आम्ही पुन्हा केले नाही.

मग गप्पीकडून घ्यायचे काय? एवढेच, की कोणत्याही जीवाची रीत पाहिली की "त्याची जातच अशी" म्हणून मोकळे होऊ नये. तो कोणत्या पाण्यात राहतो, त्याला कोण खातो आणि कोणत्या वयात खातो, हे आधी विचारावे. माशाला धबधबा ओलांडून नेणारा कोणी दुसरा लागला. माणसे एकमेकांचा हात धरून, याच जन्मात, तो चढू शकतात. आमचे सारे काम त्या एका फरकावर उभे आहे.