हेल्परला कोण शिकवतो?



फाउंड्री आणि मशीन शॉप चालवणाऱ्यांची परिषद भरायला कोल्हापूरसारखी योग्य जागा नाही. तिचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. नव्या भट्ट्या, सँड प्लँट, सीएनसी यांवर इथे भरपूर चर्चा होईल. माझा वेळ मी एकाच प्रश्नासाठी वापरतो. आपल्या कारखान्यात नव्याने लागलेल्या हेल्परला काम कोण शिकवतो?

बहुतेकांचे खरे उत्तर आहे, शेजारचा. त्या शेजारच्याला त्याच्या आधीच्याने शिकवलेले असते. या साखळीत हातांची सवय पुढे जाते, त्यामागचे कारण मात्र मागेच राहते. रिजेक्शनची सुरुवात इथे होते, असे माझे ठाम मत आहे.

ब्लोहोलचेच, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीचेच पाहा. साचा जितका ठोकून घट्ट करावा तितका चांगला, अशी नवख्याची समजूत असते. ती त्याला चांगल्या हेतूनेच कोणीतरी दिलेली असते. पण वाळू गरजेपेक्षा जास्त ठोकली की कणांमधल्या जागा बुजतात. धातूचा रस ओतताच ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ती धातूत अडकते. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वरून कास्टिंग सुरेख दिसते. ते मशीन शॉपमध्ये जाते, दोन कट बसतात आणि मग भोक उघडे पडते. तोवर वाळू, मजुरी, टूल, सगळे खर्ची पडलेले असते. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला 600 युनिटच्या आसपास वीज लागते, ती वेगळीच. लॅडलची धार मध्येच तोडायची नाही, हे ओतणाऱ्याला शिकवलेले नसेल तर दोन प्रवाह नीट एकजीव होत नाहीत आणि कोल्ड शट येतो. मग आपण तपासणीस वाढवतो. तपासणीस वाईट माल बाजूला काढतो. चांगला माल तो घडवत नाही.

मशीन शॉपमध्ये तर चूक डोळ्यांना दिसतही नाही. 100 मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट नुकताच मशीनवरून उतरला आहे आणि भोवतालापेक्षा 20 अंशांनी गरम आहे, असे समजा. तो सुमारे 23 मायक्रॉन फुगलेला असतो. त्या मापाला एच-सिक्स बसवणीची सारी मुभा 22 मायक्रॉनची! म्हणजे ऑपरेटरने गरम जॉब मोजून ओके म्हटला, तर थंड झाल्यावर तो बाद ठरू शकतो. मायक्रोमीटर महाग घेऊन हे टळत नाही. जॉब थांबून मोजायचा, रॅचेटनेच दाब द्यायचा, हे कोणीतरी उभे राहून, करवून घेऊन शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. प्रत्येक नगाचे माप थोडे इकडेतिकडे झाले की प्रामाणिक ऑपरेटर लगेच ऑफसेट बदलतो. काळजीपोटीच करतो तो. पण मशीनची स्वाभाविक हालचाल आणि खरा बिघाड यांतला फरक त्याला माहीत नसेल, तर अशा दुरुस्त्यांनी मापांची पसरण वाढते. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी नरसाळ्यातून खुणेवर गोटी सोडण्याच्या प्रयोगातून हेच दाखवले. केंद्र हललेले नसताना प्रत्येक फेकीनंतर गोटी जितकी चुकली तितके नरसाळे उलट दिशेला सरकवले, तर विचरण दुप्पट होते. निष्ठावान पण न शिकवलेला माणूस माल बिघडवतो, तो असा. त्याला दम देऊन काय साधणार?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखे स्त्री-पुरुष आले. तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम उभा राहिला. त्याची पद्धत साधी होती. शिकणाऱ्याची भीती घालवा. काम टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याचे कारण सांगत दाखवा. त्याच्याकडून करवून घ्या, करताना त्यालाच कारण बोलायला लावा. आणि नंतर जाऊन पुन्हा पाहा. युद्ध संपले तसा अमेरिकेने 1945 मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला. जपानने मात्र तो उचलला, टोयोटाने आपल्या कामात मुरवला. जपानी मालाच्या दर्जाबद्दल आपण बोलतो तेव्हा रोबोटांची नावे घेतो. मुकादमांना आधी शिकवायला शिकवले गेले, हे मात्र विसरतो.

आणि आपल्याला हे परके का वाटावे? 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. या भागातल्या उद्योगाचा पाया एका शिक्षकाने घातला. आणि या कोल्हापुरात तर तालमीचा वस्ताद पोराला कडेला उभे करून “बघून शिक” म्हणत नाही. तो स्वतः लाल मातीत उतरतो, पोराचा पाय धरून जागेवर ठेवतो.

आज आपल्या शॉप फ्लोअरवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुले आहेत. भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत बोलतो, आणि ठेकेदार बदलला की माणसे बदलतात. सहा महिन्यांत जाणाऱ्याला कशाला शिकवायचे, असा सवाल मला अनेक जण करतात. मित्रहो, त्या सहा महिन्यांत त्याच्या हातून निघालेला माल आपल्या नावाने जातो, तो परत आला तर आपल्याच दारात येतो. आणि मान मिळाला, हातात कसब आले, तर त्यातले काही टिकतातही.

शिकाऊ उमेदवारांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आपल्याला शिकाऊ घेण्याची सोय दिली आणि 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारीही आहे. पण आयटीआयमधून आलेल्या मुलाला वर्षभर स्वस्त हेल्पर म्हणून राबवून घेणे ही त्या मुलाची फसवणूक आहे. ते आपल्यापैकी जिथे जिथे चालते, तिथे ते थांबले पाहिजे.

माझी मागणी मोठ्या भांडवलाची नाही. आपल्या कारखान्यातला सर्वांत जाणता मोल्डर किंवा टर्नर निवडा. त्याला आधी शिकवण्याची पद्धत शिकवा. रोज एक तास उत्पादनातून मोकळा करा आणि त्या तासाचा वेगळा भत्ता द्या. कामाची पद्धत कामगाराच्या भाषेत, चित्रांसह मशीनपाशी लावा. आणि पुढच्या परिषदेला येताना त्या मोल्डरला, त्या टर्नरला बरोबर घेऊन या. या व्यासपीठावरून त्यांना बोलू द्या.