वास येईल तेव्हाच तोडा



आज स्ट्रॉबेरीबद्दल बोलूया. बाजारातून डबी आणली, झाकण उघडलं, तर घरात वास सुटतो का? बहुतेक वेळा नाही सुटत. फळ दिसायला लालभडक, खायला मात्र आंबट पाणी. यात दोष तोडणीच्या वेळेचा असतो.

आंबा, केळी, चिकू आपण कच्चे उतरवतो आणि आढीत घालून पिकवतो. स्ट्रॉबेरीची आढी लागत नाही. झाडावर पिकेल तेवढीच ती पिकते. तोडल्यावर रंग थोडा गडद होतो, पण गोडी वाढत नाही. खरा वास भरतो तो पिकण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत. तोवर फळ इतकं नाजूक होतं, की लांबच्या गाडीत टिकत नाही. म्हणून दूर पाठवायचा माल पूर्ण पिकण्याआधीच तोडावा लागतो. थोडक्यात, सगळ्यात सुवासिक फळ रोपाजवळ राहणाऱ्यालाच मिळतं. मग ते रोप आपल्या दारात का नसावं?

ही स्ट्रॉबेरी मुळात दोन खंडांतल्या रोपांची लेक आहे. एका फ्रेंच माणसानं 1714 साली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातून मोठ्या फळाची रोपं फ्रान्सला नेली. तिथं उत्तर अमेरिकेतली लहान पण वासाची जात आधीच होती. दोन्हींचा संकर झाला. त्या फळाला अननसासारखा वास, म्हणून शास्त्रीय नावातही ‘अननासा’ आलं. आपल्याकडं तिनं महाबळेश्वर-पाचगणीच्या लाल मातीत आणि थंड हवेत घर केलं. 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता लावायची कशी ते ऐका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, खात्रीच्या रोपवाटिकेतून रोपं आणा. ‘स्वीट चार्ली’, ‘विंटर डॉन’ या जाती आपल्याकडं रुळलेल्या आहेत. आठ इंची कुंडीत एक रोप पुरे. वाफ्यात लावणार असाल, तर गादीवाफा करा आणि दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू असं मिश्रण घ्या. काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं वाळू जास्त घाला.

लावताना एक गोष्ट नीट सांभाळा. जिथून पानं फुटतात तो गड्डा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. खोल गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं सुकतात. रोज निदान सहा तास ऊन मिळू द्या. बोअरचं पाणी खारं असेल तर ते या रोपाला सोसत नाही. पाणी सकाळी, बुडाशी द्या. पानाफुलांवर ओतू नका, बुरशी येते. बोट खुपसून पाहा, वरची माती सुकली असेल तरच पाणी द्या. फळं धरल्यावर पाण्याचा मारा केला तर फळ फुगतं आणि चव पातळ होते. युरियाचंही तसंच, नुसता पाला माजतो.

फळ मातीला टेकू नये म्हणून खाली भाताचा पेंढा पसरा. रोपाला लांब धागे फुटतात, त्यांना रनर म्हणतात. फळांच्या दिवसांत ते खुडून टाका, नाहीतर जोर तिकडं जातो. बुलबुलांना ही फळं फार आवडतात, तेव्हा जुनी जाळी अंथरा. उन्हाचा भाग असेल तर फेब्रुवारीपासून दुपारची सावली करा.

तोडणी सकाळी थंडाव्यात करा. हिरव्या टोपीखालचा पांढरा पट्टा पूर्ण लाल झाला, जवळ गेल्यावर वास आला, की देठासकट खुडा. धुवायचं ते खायच्या वेळी, आणि टोपी धुतल्यावरच काढायची. आधी काढली तर फळात पाणी शिरतं.

असं फळ फार शिजवू नका. गोड चक्क्यात तुकडे घाला, किंवा साय आणि साखरेबरोबर खा. दुधात घालायचं तर दूध थंड हवं आणि लगेच संपवायचं. गरम दुधात घातलंत तर दूध फाटेल.

जॅमला एक किलो फळ, पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घ्या. या फळात जॅम घट्ट करणारा अंश कमी असतो, म्हणून लिंबू हवंच. फळात साखर मिसळून चार-पाच तास ठेवा. मग रुंद स्टीलच्या पातेल्यात मोठ्या आचेवर ढवळत शिजवा. एका वेळी एक किलोच घ्या. घाणा मोठा झाला की शिजायला वेळ लागतो आणि वाफेबरोबर वास उडून जातो. थंड ताटलीत थेंब टाकून बोटानं रेघ ओढा. रेघ मिटली नाही की जॅम झाला. उकळून सुकवलेल्या काचेच्या बाटल्यांत गरमच भरा. साधारण सव्वा किलो होतो.

आता शेवटची गोष्ट, खास गटांसाठी. आपल्यातल्या कितीतरी जणी स्ट्रॉबेरीच्या शेतात वाकून तोडणी करतात. डबीत न बसणारं, जास्त पिकलेलं फळ बाजूला पडतं आणि कमी भावानं जातं. त्याचाच जॅम सगळ्यात वासाचा होतो. पण पिकलेलं वेगळं आणि सडकं वेगळं. बुरशीचं एकही फळ पातेल्यात नको. विकायचा जॅम जास्त टिकावा म्हणून साखर फळाइतकीच घ्या. अन्न परवान्याची नोंदणी करा, बाटलीवर तारीख लिहा.

आणि हिशेब मांडताना फळ, साखर, गॅस, बाटली यांच्याखाली आणखी एक ओळ लिहा : आपली मजुरी. घरचंच काम म्हणून ती ओळ सोडतो, आणि विक्री होऊनही हातात काही उरत नाही. पुढच्या बैठकीत एक किलोचा घाणा करून बघा, आणि भाव ती ओळ धरूनच ठरवा.