गाडीतला सूर आणि मोजमाप
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायाविषयी बोलावे, अशी महोत्सव समितीची इच्छा आहे. माझा व्यवसाय थोडा अपरिचित आहे. मी चेन्नईत राहतो आणि मोटारींतील संगीतयंत्रणा जुळवून देतो. हा चैनीचा विषय आहे असे कुणास वाटेल. परंतु आज मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे, ते गृहस्थ दिवसाचे दहा तास टॅक्सी चालवतात.

चेन्नईत वर्षाचा बहुतेक काळ गाडीच्या काचा बंद आणि वातानुकूलन चालू असते. त्या बंद पेटीत हे गृहस्थ इळैयराजांची जुनी गाणी लावतात. त्यांची तक्रार अशी, की गाण्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि रात्री घरी गेल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते. त्यांना मोठे स्पीकर बसवून हवे होते. मी त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले आणि मग ध्वनिपातळी मापक बाहेर काढला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वादक ऐनवेळी कणीक लावतो, मृदंगाला इकडे रव्याचा लगदा लावतात. कारण वाद्य जिथे वाजायचे तिथेच ते लावायचे असते. चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात आपल्या अशा चर्मवाद्यांच्या स्वरांविषयी लिहिले होते. मोटारीचेही तसेच आहे. दुकानात गोड वाजणारा स्पीकर गाडीत बसला की निराळाच वाजू लागतो.

कारण साधे आहे. उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेतीन मीटर झाली. गाडीची आतली लांबीरुंदी याच्याशी तुलना करण्याजोगी असल्यामुळे काचांवरून व छतावरून परतणारे तरंग काही स्वरांना फुगवतात, तर काहींना एकमेकांत विरवून टाकतात. चालकाच्या डोक्यापाशी काय घडते ते कानाने नेमके सांगता येत नाही, कारण कानाला सवय होते. रोज तीच गाडी ऐकणाऱ्याला तिचा दोष हाच तिचा स्वभाव वाटू लागतो.

म्हणून मापन. इंजिन व पंखा बंद करून प्रथम ‘पिंक नॉइज’ लावतात. मुसळधार पावसासारखा हा आवाज प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा वाहतो. चालकाच्या दोन्ही कानांच्या जागी आणि आजूबाजूला थोडे सरकवत मायक्रोफोन धरतात व मापनांची सरासरी काढतात. एकाच जागेचे मापन फसवे असते. चार बोटांवर दुसरेच चित्र दिसते. २० ते २०,००० हर्ट्झ या पल्ल्याचे, प्रत्येक सप्तकाचे तीन याप्रमाणे ३१ पट्टे पडतात आणि कुठला पट्टा उंचावला आहे ते कागदावर दिसू लागते.

इथे एक खाचखळगा आहे. मापकावर ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन तऱ्हा असतात. ‘ए’ तऱ्हा खालचे स्वर फारच कमी धरते, ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल. यंत्रणा जुळवताना तिच्यावर विसंबले तर खर्ज भरमसाठ वाढवला जातो. त्या कामाला ‘सी’ बरी. मात्र कानाला धोका किती, हे पाहायचे तर ‘ए’च हवी, कारण सुरक्षिततेच्या मर्यादा तिच्यातच सांगितलेल्या आहेत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा. ८८ला चारच तास.

त्या टॅक्सीत १०० हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा निघाला. आता खालचा स्वर जोरात असला की तो वरच्या स्वरांना झाकतो. वरचा खालच्याला तितका झाकत नाही. गायकाचे शब्द त्याखाली दबले होते. शब्दांसाठी आवाज वाढवला की खर्जही वाढे, आणि शब्द होते तिथेच राहत. मोठे स्पीकर लावून हे दुष्टचक्र अधिकच वेगाने फिरले असते.

उपाय म्हणजे इक्वलायझरवर तेवढा पट्टा उतरवायचा. खड्डे मात्र भरायला जाऊ नये. जिथे परतलेला तरंग सरळ तरंगाला मारतो, तिथे आपण जोर वाढवला की दोघेही सारखेच वाढतात आणि खड्डा तसाच राहतो. सहा डेसिबलसाठी चौपट शक्ती लागते, ती फुकट जाते. आमच्या व्यवसायात अनेकांना हे पटत नाही. पडद्यावरची रेघ सपाट करून दाखवली की गिऱ्हाईक खूश होते, आणि सपाट रेघेची गाडी बहुधा कर्कश वाजते. खर्जाकडून तारेकडे हलका उतार ठेवलेला कानाला मानवतो.

पट्टा उतरवल्यावर गाडी रस्त्यावर नेली. वातानुकूलनाच्या पंख्याच्या घरघरीतही, पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी आवाजात शब्द स्पष्ट ऐकू येत होते. त्यांचा चेहरा मात्र उतरला. गाण्यातला जीव गेला, असे ते म्हणाले. एक आठवडा ऐका, एवढेच मी सांगितले.

आठवड्याने ते आले. आवाजाची कळ त्यांनी परत चढवली नव्हती, पण इळैयराजांचा बास गिटार थोडा हवा होता. मागणी रास्त होती. फ्लेचर व मनसन यांनी १९३३ सालीच दाखवले आहे, की आवाज लहान केला की आपल्या कानाला खालचे स्वर अधिकच कमी ऐकू येतात. मी तो पट्टा दोन डेसिबल वर घेतला, त्यांच्यासमोर पुन्हा मोजला आणि आकडा त्यांच्या वहीत लिहून दिला.