हुकुमचंद मिलचा हिशेब



आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. ५,८९५ कामगारांच्या देण्याचा २२४ कोटींचा धनादेश सरकारी लिक्विडेटरच्या हाती आला २५ डिसेंबर २०२३ रोजी. बत्तीस वर्षे! कित्येकांचे पैसे त्यांच्या विधवांनी मोजून घेतले.

जमिनीचा वाद होता, मान्य. पण लिक्विडेटर केंद्र सरकारचा नोकर आणि काम उच्च न्यायालयाच्या हुकमाने. मग दिरंगाईचा जाब कोणी विचारायचा? कायद्याने तो वर्षातून दोनदा जमाखर्च देतो, त्याचे ऑडिट होते. ते रुपयांचे, वर्षांचे नव्हे. म्हणून खात्याबाहेरच्या समितीने दरसाल तपासणी करावी. अहवाल कामगारांना त्यांच्या भाषेत मिळावा, आणि त्या समितीत एक कामगारही बसवा.