टळलेल्या आजाराचा जमाखर्च

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही हिशेबाची माणसे. वैद्यकाचा अधिकार आमचा नव्हे. तरीही बालकांच्या अतिसाराविषयी थोडे निवेदन करतो. मूल दाखल झाले की सलाईनचा खर्च धर्मादाय निधीतून भागविता येतो. परंतु उशाशी बसलेल्या आईची बुडालेली रोजंदारी कोणत्याच खात्यात नोंदली जात नाही.

लहान मुलांच्या तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण म्हणजे रोटाव्हायरस. १९७३ मध्ये मेलबर्न येथे डॉ. रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. हा विषाणू संपन्न देशांतील मुलांनाही गाठतो. मृत्यू मात्र प्रामुख्याने गरीब देशांत होतात, कारण शरीरातील पाणी भरून काढण्यास तेथे विलंब होतो. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले. तीच जलसंजीवनी, जोडीला झिंक आणि चालू ठेवलेले स्तनपान, हाच आजही मुख्य उपचार आहे.

आता प्रतिबंधही हाती आला आहे. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे भारतीय लसीची चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचा तीव्र अतिसार सुमारे ५६ टक्क्यांनी घटला. २०१६ पासून ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये सुरू झाली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे, विनामूल्य दिली जाते. संरक्षण पूर्ण नसल्याने जलसंजीवनीची पुडी घरात हवीच.

मित्रहो, बालरोग विभागातील रिकामी खाट ताळेबंदात तूट म्हणून दिसते. न्यासाच्या उद्दिष्टांच्या दृष्टीने मात्र ती निव्वळ शिल्लक होय. देणगीतून खाट मिळाली की तिच्यावर दात्याचे नाव लागते. टळलेल्या आजारावर कोणाचेच नाव कोरता येत नाही. म्हणूनच, राहिलेला डोस देण्यासाठी वस्तीत जाणाऱ्या परिचारिकेच्या प्रवासखर्चालाही आपण उदार हस्ते साहाय्य करावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.