उंची सांगते बाळाची कहाणी

अंगणवाडीताई बाळाचं वजन करतात, तशी उंचीही मोजतात. वयाच्या मानानं ती खूप कमी भरली, तर त्याला खुजेपणा म्हणतात. ही उणीव दोन-चार दिवसांची नसते. ती आईच्या पोटातच सुरू होऊ शकते; म्हणून गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंतचे 1000 दिवस लाखमोलाचे!

बालकांचं कुपोषण कमी करण्यासाठी महाराष्ट्रानं 2005 साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं. आई जेवली, तरच बाळ वाढेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या पाच वर्षांखालच्या बालकांमधला खुजेपणा 2005-06 मध्ये 46 टक्के होता, 2015-16 मध्ये 34 टक्क्यांवर आला. पण 2019-21 मध्येही तो 35 टक्केच होता. ही अडलेली घसरण मनाला लागते.