अडीनडीचा पैसा, बाईच्या नावाचा

(ऊसतोडणीच्या हंगामाआधी बीड जिल्ह्यातील बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

समाजकार्याची पदवी घेऊन मी या जिल्ह्यात कामाला आले, तेव्हा पहिल्याच बैठकीत बचतीचे महत्त्व या विषयावर अर्धा तास बोलले. कोपऱ्यात बसलेल्या एका बाईने एवढेच विचारले, "ताई, उचल फिटंना, अन् बचत कुठली?" मी गप्प झाले. मिळकतीतून खर्च वजा जाता उरते ती बचत, असे मी पुस्तकात शिकले होते. इथे तर मिळकतीच्या आधीच खर्च झालेला असतो. उचल म्हणजे उलटी बचतच. पुढचे सहा महिने आजच विकून टाकलेले असतात. म्हणून आज मी 'बचत करा' असे सांगायला उभी नाही. कशासाठी करायची आणि कुणाच्या नावावर, एवढेच बोलणार आहे.

मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. बाई अर्धा कोयता. पण पैसे मोजून घेतो पुरुष, आणि बहुतेक घरी हिशेबही त्यालाच माहीत असतो. फेडायला मात्र दोघे. पहाटे उठून भाकरी करायच्या, फडात मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. एक दिवस अंग टाकले तर खाडा. अनेक ठिकाणी एका खाड्याला पाचशेपासून हजारापर्यंत रुपये कापतात. वर त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पाळी असो, ताप असो, सातवा महिना असो, बाई खाडा करायला भिते.

या भीतीची किंमत आपण पाहिली आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. कुणाला कर्करोगाची भीती घातली गेली, कुणाला रोजची कटकट नकोशी झाली. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल, आणि उचल फेडायला टाके सुकायच्या आत पुन्हा फड.

अशा वेळी बाईजवळ स्वतःचे दोन-अडीच हजार असते तर? सगळे संकट टळले असते असे मी म्हणत नाही. पण चार दिवस खाडा करता आला असता. एसटीने अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जाऊन दुसऱ्या डॉक्टरला विचारता आले असते. 'थांबा, मी विचार करते' एवढे म्हणायची ताकद अडीनडीच्या पैशात असते. कामाची शाश्वती म्हणजे नुसते काम मिळणे नव्हे. एखादे दिवशी नाही म्हटले तरी चूल पेटेल, हा भरवसाही त्यात येतो.

बाईला बचत शिकवावी लागत नाही. ज्वारीच्या कणगीत, डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत तिने नेहमीच पैसे ठेवले. पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत हे लपवलेले पैसे बाहेर काढावे लागले. जिचे खाते नव्हते तिने ते नवऱ्याच्या किंवा दिराच्या हाती दिले. कित्येकींना ते परत मिळाले नाहीत. लपवलेला पैसा अडचणीला आपला राहीलच असे नाही. तो नावावर असावा लागतो.

आता कामाचे बोलू. आठवड्याला ५० रुपये धरले तर वर्षाचे २,६०० होतात. पाचशेच्या दराने पाच खाडे. वीस जणींच्या गटाचे ५२,०००. हा पैसा कर्जवाटपात मिसळू नका. त्याची वही वेगळी ठेवा. तो फक्त आजारपण, बाळंतपण आणि बुडालेला रोज यासाठी. लग्नाला नाही, बियाण्याला नाही.

हंगामात ५० रुपये कुठून आणायचे? वाढे विकून जे रोख पैसे हाती येतात, त्यातून आठवडी बाजाराच्या आधी हे बाजूला काढा. बाजारानंतर काही उरत नाही.

तिसरी गोष्ट, गटाच्या खात्यावर सह्या करणाऱ्या दोघीही कोल्हापूरला किंवा कर्नाटकात गेल्या तर पैसा बँकेत असून उपयोग नाही. सहीचा अधिकार गावात राहणाऱ्यांकडे ठेवा, आणि कुणाला किती द्यायचे हे जाण्याआधी ठरावात लिहा. शिवाय प्रत्येकीचे स्वतःचे खाते हवेच. पोस्टात ते पाचशे रुपयांत उघडते. पुस्तक कोपीवर नेऊ नका, विश्वासाच्या बाईकडे ठेवा.

शेवटी एक सावधगिरी. आपल्या पन्नास रुपयांच्या आड कारखाना आणि सरकार यांना लपू देऊ नका. आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती डब्यातल्या बचतीने नव्हे, संघटनेच्या रेट्याने. बाईच्या मजुरीचा वेगळा हिशेब, आजारपणाची भरपगारी रजा, खाड्याचा दंड बंद, या मागण्या आपण सोडायच्या नाहीत. यंत्रे फडात उतरत आहेत, तेव्हा तर मुळीच नाही.

पण संप करायचा तरी घरात पंधरा दिवसांचे पीठ लागते. अडीनडीचा पैसा म्हणजे ते पीठ.

मला गप्प करणारी ती बाई आज तिच्या गटाची वही सांभाळते. तिची उचल अजून फिटलेली नाही. पण गेल्या हंगामात तापात तिने तीन खाडे केले आणि मुकादमाला सांगितले, "काप दंड, मी निजते." मैत्रिणींनो, या वर्षी गाव सोडण्याआधी प्रत्येकीने निदान तीन दिवस निजण्यापुरते पैसे आपल्या नावावर टाकून जायचे, एवढे आज ठरवूया.